इटालियन व्याकरण मराठीतून: सुरुवात कुठून करायची आणि कुठल्या क्रमाने

इटालियन शिकायला बसलेले बहुतेक जण ॲप किंवा यूट्यूब उघडतात आणि ते सगळं इंग्रजीतून असतं, म्हणजे आधी इटालियन वाक्य, मग त्याचं इंग्रजी, मग डोक्यात त्याचं मराठी. हा वळसा कशाला घ्यायचा ते मला कळत नाही, कारण इटालियन व्याकरणात इंग्रजी माणसाला ज्या गोष्टी छळतात त्यातल्या निम्म्या मराठी माणसाला आईच्या पोटातून येतात: नामाला लिंग असतं, विशेषण त्याच्यामागे वळतं, क्रियापदावरून कर्ता कळतो, 'मला आवडतं' मधे 'मी' कर्ता नसतो. दोन-चार ठिकाणी मराठी आपल्याला गंडवते पण, ती ठिकाणं त्या त्या जागी सांगतो. एकदम सगळं वाचून टाकू नका, एक पायरी घ्या, दोन-तीन दिवस तिच्यावर घासा, मग पुढची.

इटालियन शब्द इथे देवनागरीतच लिहिलेत. मी 'ओ', 'आ', 'ए', 'इ' म्हणेन तेव्हा आपला मराठी आवाज धरा, इंग्रजी अक्षराचं नाव नाही.

पायरी १: उच्चार (इथे आपण पुढे आहोत)

इटालियन वर्णमालेत 21 अक्षरं. जे, के, डब्ल्यू, एक्स, वाय ही पाच फक्त बाहेरून आलेल्या शब्दांत दिसतात. जसं लिहिलं तसं वाचायचं, इंग्रजीसारखी स्पेलिंगची लॉटरी नाही, फक्त सात-आठ नियम आहेत ते पाठ झाले की पेपर मोठ्याने वाचता येतो, भले अर्थ कळो न कळो.

सगळ्यात महत्त्वाची दोन अक्षरं सी आणि जी. पुढे आ, ओ, उ आला तर 'क' आणि 'ग'. पुढे ए किंवा इ आला तर 'च' आणि 'ज', हा चहातला च आणि जेवणातला ज. म्हणून चाओ, म्हणून जेलातो. आणि ए-इ च्या आधी 'क', 'ग' च हवा असेल तर मधे एच घालतात. एचला स्वतःचा आवाज अजिबात नाही, तो फक्त हा पहारा द्यायला असतो. स्पागेत्ती मधला एच तोच, आणि आपल्याकडे मेनूकार्ड बघून लोक बिनधास्त 'ब्रुशेटा' म्हणतात तो शब्द खरा 'ब्रुस्केत्ता' आहे, त्याच एचमुळे. एस-सी एकत्र आले की तोच हिशोब, पुढे ए-इ असेल तर 'श', नाहीतर 'स्क'.

झेडचं मला फार कौतुक वाटतं. त्याचा उच्चार कधी 'त्स' कधी 'द्झ', आणि इंग्रजी पुस्तकं त्यावर पानभर समजावतात. मराठीत हे दोन्ही आवाज तयार आहेत: चाकातला, चोरातला दंत्य च आणि जोरातला, जगातला दंत्य ज. पीत्सा म्हणताना चाकातला च दोनदा ओढा, बरोब्बर येतं. शून्याला त्यांच्याकडे द्झेरो म्हणतात, तिथे जोरातला ज. हिंदीवाल्यांना हे शिकावं लागतं, आपल्याला नाही.

टी आणि डी म्हणजे आपले त आणि द, जीभ दातांना लागली पाहिजे. ट-ड काढलात तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं की हा इंग्रजीमार्गे आलाय. आर नीट थरथरणारा र. जी-एल-आय म्हणजे साधारण कल्याणातला 'ल्य' (फामील्या म्हणजे कुटुंब), जी-एन म्हणजे 'न्य' (न्योक्की).

जोडाक्षरांकडे मात्र लक्ष द्या, कारण एकेरी आणि दुहेरी व्यंजनाने अर्थ बदलतो. कासा म्हणजे घर, कास्सा म्हणजे पैसे भरायचं काउंटर. नोनो म्हणजे नववा, नोन्नो म्हणजे आजोबा. पेना म्हणजे दुःख, पेन्ना म्हणजे पेन. आणि आन्नो म्हणजे वर्ष, त्यातला एक न खाल्लात तर शरीराच्या अशा भागाचं नाव होतं की 'मला पंचवीस वर्षं आहेत' हे वाक्य भलतंच ऐकू येतं. वर्गात सगळे यावर एकदा हसतात, पण परत कोणी विसरत नाही.

जोर साधारणपणे शेवटून दुसऱ्या स्वरावर: रा-गा-त्सो मधे 'गा' वर. शेवटच्या स्वरावर जोर असेल तर लिहितानाच वर तिरकी रेघ मारतात, उदाहरणार्थ चित्ता (शहर) मधे 'त्ता' वर.

पायरी २: नाम, लिंग, अनेकवचन

लिंगं दोनच, नपुंसकलिंग नाही. 'तो टेबल की ते टेबल' असले वाद घालत वाढलेल्या माणसाला हे सुखच.

शेवट ओ असेल तर बहुतेक पुल्लिंगी, अनेकवचनात इ: रागात्सो (मुलगा), रागात्सी. शेवट आ असेल तर बहुतेक स्त्रीलिंगी, अनेकवचनात ए: रागात्सा (मुलगी), रागात्से. शेवट ए असेल तर दोन्हीपैकी काहीही, अनेकवचन मात्र इ: स्तुदेन्ते, स्तुदेन्ती.

इथे मराठी पहिल्यांदा गंडवते. आपल्याकडे आ ने संपणारा शब्द बघितला की जीभ आपोआप पुल्लिंगाकडे वळते, घोडा, आंबा, रस्ता. इटालियनमधे आ म्हणजे बाई. कासा, पोर्ता (दार), स्त्रादा (रस्ता), सगळे स्त्रीलिंगी. रस्ता स्त्रीलिंगी ही गोष्ट पचायला वेळ लागतो. म्हणून शब्द एकटा पाठ करू नका, आर्टिकलसकट पाठ करा (आर्टिकल म्हणजे नामाआधी येणारा छोटा शब्द, इंग्रजीतल्या 'द', 'अ' सारखा). ते पुढच्या पायरीत आहे, तूर्त ला म्हणजे स्त्रीलिंगी आणि ईल म्हणजे पुल्लिंगी एवढं धरा.

हॉटेलातल्या मेनूवरून हे पक्कं होतं. पानीनी हे अनेकवचन आहे, एकच सँडविच हवं तर पानीनो. पापारात्सी अनेकवचन, एकटा असेल तर पापारात्सो. स्पागेत्ती सुद्धा अनेकवचन, आणि तिथे 'स्पागेत्ती छान आहेत' असंच म्हणतात, आपण 'पोहे छान झालेत' म्हणतो तसं. जाता जाता, पेपेरोनी म्हणजे ढोबळ्या मिरच्या. इटलीत पीत्सा आइ पेपेरोनी मागितलात तर सिमला मिरचीवाला येईल, शाकाहारी लोकांनी खुशाल मागवा, अमेरिकन सॉसेजवाला हवा असणारे मात्र फसतात. तसंच लात्ते म्हणजे नुसतं दूध.

अपवाद थोडेच पाठ करायचे. ला मानो (हात) ओ ने संपून स्त्रीलिंगी. ला फोतो, ला मोतो, लाउतो ही मोठ्या शब्दांची छाटलेली रूपं आहेत म्हणून स्त्रीलिंगी, आणि फोतो-मोतो-आउतो अनेकवचनातही तसेच राहतात. उलट बाजूला ईल प्रोब्लेमा, ईल सिस्तेमा, ईल प्रोग्राम्मा, हे ग्रीकवरून आलेले, आ ने संपूनही पुल्लिंगी, अनेकवचन प्रोब्लेमी. शेवटी तिरकी रेघ असलेले शब्द (चित्ता, काफ्फे) आणि व्यंजनाने संपणारे (बार) अनेकवचनात ढिम्म हलत नाहीत. अंडं मात्र अजब आहे, एकवचनात पुल्लिंगी वोवो, अनेकवचनात स्त्रीलिंगी वोवा. बोट आणि दंड सुद्धा असेच, दीतो-दीता आणि ब्राच्चो-ब्राच्चा.

अनेकवचन करताना क चा च होतो का? आमीका (मैत्रीण) चं आमीके, इथे क टिकतो आणि लिहिताना एच घुसवतात. स्त्रीलिंगात हे नेहमी असंच. पुल्लिंगात मात्र भरवसा नाही, आमीको चं आमीची पण पार्को (बाग) चं पार्की. साधारण अंदाज असा की जोर शेवटून दुसऱ्या स्वरावर असेल तर क टिकतो, त्याच्याही आधी असेल तर च होतो (मेदीको, डॉक्टर, चं मेदीची). आमीको स्वतःच या अंदाजाला अपवाद आहे, काय करणार.

पायरी ३: आर्टिकल

मराठीत ही भानगडच नाही त्यामुळे इथे वेळ द्या. पुल्लिंगी एकवचन ईल, अनेकवचन ई: ईल लीब्रो (पुस्तक), ई लीब्री. स्त्रीलिंगी ला, अनेकवचन ले: ला कासा, ले कासे. स्वराने सुरू होणाऱ्या एकवचनी शब्दाआधी नुसता ल आणि अपॉस्ट्रॉफी, लामीको, लामीका. आता राहिला लो. एस च्या मागे व्यंजन, झेड, जी-एन, पी-एस किंवा वाय ने सुरू होणारा पुल्लिंगी शब्द असेल तर ईल ऐवजी लो: लो स्तुदेन्ते, लो त्सुक्केरो (साखर), लो योगुर्त, लो प्सिकोलोगो. कारण साधं आहे, 'ईल स्तु' म्हणताना तीन व्यंजनं एकमेकांवर आदळतात, 'लो स्तु' सुटसुटीत जातं. या सगळ्यांचं आणि स्वराने सुरू होणाऱ्या पुल्लिंगी शब्दांचं अनेकवचनी आर्टिकल ल्यी: ल्यी स्तुदेन्ती, ल्यी आमीची.

'एक' या अर्थाचं आर्टिकल उन, उनो, उना. उनो तिथेच जिथे लो. स्त्रीलिंगी स्वराआधी उना चा आ गळतो आणि अपॉस्ट्रॉफी येते, पुल्लिंगीत येत नाही. म्हणजे उन आमीको आणि उनामीका हे ऐकायला जवळपास सारखे सुरू होतात, लिहिताना मात्र ती अपॉस्ट्रॉफी परीक्षेत मार्क खाते.

कधी लावायचं आणि कधी नाही हे इंग्रजीवरून ठरवू नका, इटालियन आर्टिकल जास्त सढळ हाताने वापरते. 'मला कॉफी आवडते' मधल्या कॉफीला सुद्धा लागतं. 'माझं पुस्तक' म्हणजे ईल मीओ लीब्रो, शब्दशः 'ते माझं पुस्तक'. सुटतं फक्त घरच्यांच्या बाबतीत आणि तेही एकवचनात: मीआ माद्रे (माझी आई), मीओ फ्रातेल्लो (माझा भाऊ). दोन भाऊ झाले की आर्टिकल परत हजर, ई म्येइ फ्रातेल्ली.

पायरी ४: विशेषण आणि माझा-तुझा

हे पाच मिनिटांत उरकेल. पांढरा घोडा, पांढरी गाडी, पांढरे घोडे, हे आपण न विचार करता बोलतो, तेच करायचं: रोस्सो, रोस्सा, रोस्सी, रोस्से (लाल). ए ने संपणाऱ्या विशेषणाला दोनच रूपं, वेर्दे, वेर्दी (हिरवा). आणि मराठीत जसा 'लाल' किंवा 'निळसर' कशापुढेही बदलत नाही तसे त्यांच्याकडे ब्लु (निळा), रोझा (गुलाबी), व्योला (जांभळा) हे रंग बदलत नाहीत. फरक जागेचा, विशेषण सहसा नामाच्या मागे: उना माक्कीना रोस्सा, 'एक गाडी लाल'. बेल्लो (सुंदर), ब्वोनो (चांगला), ग्रान्दे (मोठा), पिक्कोलो (छोटा) असली रोजची विशेषणं पुढे येतात.

'माझा-माझी' सारखं मीओ-मीआ पण वस्तूप्रमाणे वळतं, मालकाप्रमाणे नाही. एकच गोष्ट: ला सूआ माक्कीना म्हणजे त्याचीही गाडी आणि तिचीही गाडी, मालक बाई की पुरुष ते शब्दातून कळत नाही, संदर्भावर सोडायचं.

पायरी ५: तू, तुम्ही आणि लेइ

मी इओ, तू तू (हो, तोच आपला तू), तो लुइ, ती लेइ, आम्ही नोइ, तुम्ही अनेक जण वोइ, ते लोरो. क्रियापदावरून कर्ता कळतो म्हणून हे शब्द एरवी गाळतात, आपण 'येतो हं' म्हणून निघतो तसंच. प्रत्येक वाक्यात इओ इओ लावणारा माणूस 'मी मी' करणारा वाटतो.

आदर दाखवायला मराठीत आपण अनेकवचन करतो. इटालियनमधे त्यासाठी 'लेइ' म्हणजे 'ती' वापरतात, समोर मिशीवाले काका असले तरी, आणि क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी. मित्राला कोमे स्ताइ (कसा आहेस), काकांना कोमे स्ता. दुकानात, ऑफिसात, अनोळखी मोठ्या माणसाशी लेइ, बरोबरीच्या तरुणांशी सरळ तू. मराठी सवयीने 'वोइ' तोंडात येईल. दक्षिण इटलीत आदरार्थी वोइ अजून ऐकू येतं, आणि 1938 साली मुसोलिनीच्या राजवटीने तर लेइ बंद करून सगळ्यांनी वोइ म्हणावं असं फर्मानच काढलं होतं. राजवट गेली, लेइ परत आलं. तुम्ही लेइ च धरा.

पायरी ६: वर्तमानकाळ

आधी दोन क्रियापदं, त्यांच्याशिवाय पान हलत नाही.

एस्सेरे (असणे): सोनो, सेइ, ए, स्यामो, स्येते, सोनो.
आवेरे (जवळ असणे): ओ, आइ, आ, आब्ब्यामो, आवेते, आन्नो.

आवेरे च्या चार रूपांत सुरुवातीला मुका एच लिहितात, विसरू नका. आणि भूक, तहान, झोप, थंडी, भीती, वय हे सगळं आवेरे ने बोलतात: ओ फामे (मला भूक लागलीय), ओ सोन्नो (झोप येतेय), ओ वेन्तान्नी (मी वीस वर्षांचा आहे).

बाकी क्रियापदं मूळ रूपाच्या शेवटावरून तीन गटांत, आरे, एरे, ईरे. शेवट काढा आणि प्रत्यय लावा.

पार्लारे (बोलणे): पार्लो, पार्ली, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो.
प्रेन्देरे (घेणे): प्रेन्दो, प्रेन्दी, प्रेन्दे, प्रेन्द्यामो, प्रेन्देते, प्रेन्दोनो.
दोर्मीरे (झोपणे): दोर्मो, दोर्मी, दोर्मे, दोर्म्यामो, दोर्मीते, दोर्मोनो.

नीट बघा, मी, तू, आम्ही या तीन रूपांत तिन्ही गट सारखेच, म्हणजे पाठांतर वाटतं तेवढं नाही. शेवटच्या रूपात जोर पहिल्याकडे, पार्लानो मधे 'पार्' वर, ही चूक वर्षानुवर्षं टिकते म्हणून सुरुवातीलाच मोठ्याने म्हणून घ्या. ईरे गटातली बरीच क्रियापदं मधे एक तुकडा घुसवतात, कापीरे (समजणे) बघा: कापीस्को, कापीशी, कापीशे, काप्यामो, कापीते, कापीस्कोनो. स्क आणि श ची ही उडी पायरी १ मधल्या नियमानेच पडते, लिहायची अक्षरं तीच आहेत.

मग जाणे आणि करणे, दोन्ही वाकडी: वादो, वाइ, वा, आन्द्यामो, आन्दाते, वान्नो, आणि फाच्चो, फाइ, फा, फाच्च्यामो, फाते, फान्नो. मराठीत 'मी जातो, मी जाते' असा फरक असतो, इथे बाई असो की बुवा, वादो.

नकार सोपा, क्रियापदाआधी नोन: नोन कापीस्को (मला समजत नाही). दोन नकार एकत्र चालतात, नोन ओ वीस्तो न्येन्ते, 'मी काहीच पाहिलं नाही'. प्रश्न करायला शब्दांची फिरवाफिरवी नाही, सूर वर न्यायचा: पार्ली इतालियानो?

पायरी ७: मला आवडतं

या पायरीवर इंग्रजी पुस्तकं घाम गाळतात, 'कॉफी मला प्रिय ठरते असा विचार करा' वगैरे. आपण सरळ मराठी वाक्य घ्या. मला कॉफी आवडते: मी प्याचे ईल काफ्फे. मला मांजरं आवडतात: मी प्याच्चोनो ई गात्ती. जे आवडतं तो कर्ता, क्रियापद त्याच्याप्रमाणे, ज्याला आवडतं तो 'ला' लावून बाजूला. 'मला तू आवडतेस' मधे आपण जसं क्रियापद तू कडे वळवतो तसंच ते म्हणतात, मी प्याची. फक्त एक गंमत डोक्यात ठेवा, इटालियन 'मी' म्हणजे आपलं 'मला'. तुला ती, त्याला ल्यी, तिला ले, आम्हाला ची, तुम्हाला वी, त्यांना परत ल्यी.

याच साच्यात आणखी बरंच बसतं. मी सेर्वे, मला लागतंय. मी फा माले ला तेस्ता, माझं डोकं दुखतंय.

पायरी ८: भूतकाळ, आणि 'ने' ची युक्ती

रोजच्या बोलण्यातला भूतकाळ दोन तुकड्यांचा: आवेरे किंवा एस्सेरे चं रूप, आणि त्यापुढे धातुसाधित ('बोललेलं', 'केलेलं' असलं रूप). आरे चं आतो, एरे चं उतो, ईरे चं ईतो. ओ पार्लातो, मी बोललो. आवेरे कधी आणि एस्सेरे कधी, यावर सगळ्यांची दांडी उडते, आणि मराठीसारखी मदत मला दुसऱ्या कशात दिसली नाही.

मराठीत 'ती गेली' पण 'तिने आंबा खाल्ला'. इटालियनमधे ए आन्दाता, पण आ मान्जातो. म्हणजे मराठी वाक्यात कर्त्याला 'ने' लागत असेल तर आवेरे, आणि धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलत नाही. 'ने' न लागता क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत असेल, गेला, आली, निघाले, पोचली, जन्मला, मेला, झाला, राहिली, तर बहुतेक एस्सेरे, आणि इटालियनमधेही ते कर्त्याप्रमाणे बदलतं: आन्दातो, आन्दाता, आन्दाती, आन्दाते. 'मी गेलो' आणि 'मी गेले' हा फरक सोनो आन्दातो आणि सोनो आन्दाता मधे जसाच्या तसा आहे.

युक्ती एका बाजूने जवळपास पक्की आहे, दुसऱ्या बाजूने गळते. हसली, बोलली, झोपली, खेळली, चालली, विसरली यांना मराठीत 'ने' नाही पण इटालियनमधे आवेरे च: आ दोर्मीतो, आ रीसो. ही पाठ करून टाका. आणि स्वतःवरच घडणाऱ्या क्रिया, उठणं, अंघोळ, कपडे घालणं, यांना 'सी' जोडलेली क्रियापदं असतात आणि ती कायम एस्सेरे घेतात, तिने अंघोळ केली, सी ए लावाता, इथे आपला 'ने' काही उपयोगाचा नाही.

अजून एक बारीक गोष्ट आवडेल. मराठीत 'त्याने पोळी खाल्ली' मधे क्रियापद पोळीकडे बघतं. इटालियन साध्या वाक्यात असं करत नाही, ओ मान्जातो ला पीत्सा. पण पीत्सा चं नाव न घेता 'ती खाल्ली' म्हटलं की लगेच करते: लो मान्जाता ('ती' साठीचा ला आणि ओ मिळून लो), शेवटी आ. कर्माकडे बघायची सवय आपल्याला असल्याने हे फार जड जात नाही.

वाकडी धातुसाधितं वापरातून बसतात, फात्तो (केलं), देत्तो (म्हटलं), वीस्तो (पाहिलं), लेत्तो (वाचलं), स्क्रीत्तो (लिहिलं), प्रेसो (घेतलं), आपेर्तो (उघडलं), स्तातो (होता, राहिला).

'जायचो, खेळायचो' वाला भूतकाळ वेगळा आहे आणि तो मराठीला तंतोतंत जुळतो. लहानपणी आम्ही कोकणात जायचो, तिथे आन्दावामो. प्रत्यय वो, वी, वा, वामो, वाते, वानो, सगळ्या गटांना जवळपास तेच. 'पाऊस पडत होता' सारखं चालू असलेलं वर्णनही यातच. मराठीत 'गेलो' म्हणाल तिथे पहिला, 'जायचो' किंवा 'जात होतो' म्हणाल तिथे दुसरा.

पायरी ९: शब्दयोगी अव्यय, पण आधी येणारं

आपण 'घरात' म्हणतो, ते 'आत घर' म्हणतात. दी (चा-ची-चे), आ (ला, कडे), दा (पासून, हून), इन (मधे), सु (वर), कोन (बरोबर), पेर (साठी), त्रा किंवा फ्रा (मधोमध). यातली पहिली पाच आर्टिकलला चिकटतात: दी आणि ईल मिळून देल, आ आणि ईल मिळून आल, दा चं दाल, इन चं नेल, सु चं सुल. ला बरोबर देल्ला, आल्ला, दाल्ला, नेल्ला, सुल्ला. पॅटर्न एकच आहे, एकदा तक्ता हाताने लिहून काढा.

शहराला आ, देशाला इन: आबीतो आ मिलानो, आबीतो इन इतालिया. डॉक्टरकडे जायचं असेल तर दाल मेदीको. आणि 'मी दोन वर्षांपासून इथे राहतोय' हे वर्तमानकाळातच बोलतात, आबीतो क्वी दा दुए आन्नी, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीतून शिकणारे इथे हमखास भूतकाळ घालतात.

आकडे, थोडक्यात

उनो, दुए, त्रे, क्वात्त्रो, चिन्क्वे, सेइ, सेत्ते, ओत्तो, नोवे, द्येची. सेत्ते-सात, ओत्तो-आठ, नोवे-नऊ हे साम्य तुमच्या आधी एका इटालियन माणसाच्या लक्षात आलं होतं. फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लोरेन्सचा व्यापारी सोळाव्या शतकात कोचीन आणि गोव्यात राहत होता, त्याने 1585 च्या आसपास घरी लिहिलेल्या पत्रात संस्कृत आणि इटालियन आकडे, देव आणि दीओ, सर्प आणि सेर्पे असे शब्द शेजारी शेजारी ठेवले. युरोपातल्या विद्वानांनी हे नातं नीट मांडायच्या दोनशे वर्षं आधी. तो 1588 मधे गोव्यातच वारला.

पायरी १०: एक वाक्य सोलून बघा

आता सगळं एकत्र. 'काल मी माझ्या मैत्रिणींबरोबर बारमधे गेले', बोलणारी मुलगी. येरी सोनो आन्दाता आल बार कोन ले मीए आमीके. (तिकडे बार म्हणजे सकाळी उभ्या उभ्या कॉफी प्यायची जागा, घरी सांगायला हरकत नाही.)

येरी म्हणजे काल. इओ गाळलं, सोनो वरून कळतं. मराठीत 'गेले' ला 'ने' नाही म्हणून सोनो. बोलणारी मुलगी म्हणून आन्दाता, मुलगा असता तर आन्दातो. आ आणि ईल मिळून आल. बार व्यंजनाने संपतो, पुल्लिंगी. मैत्रिणी अनेक, म्हणून ले, आणि मैत्रिणी घरच्या नात्यातल्या नाहीत म्हणून आर्टिकल सुटत नाही. मीआ चं अनेकवचन मीए. आमीका चं आमीके, क टिकला म्हणून लिहिताना एच.

रोज असं एक मराठी वाक्य घ्या, दिवसभरात स्वतः बोललेलं, आणि असंच तुकड्या-तुकड्याने वळवा. मग तेच वाक्य मुलगा करून, अनेकवचन करून, नकारात, 'जायचे' मधे. एका वाक्याची सहा होतात आणि ॲपवर पन्नास वेळा 'मुलगा सफरचंद खातो' टिचकवण्यापेक्षा हे जास्त लागतं.

कोन्जुन्तीवो नावाचा प्रकार, म्हणजे 'असावं, करावं' वाली रूपं, पहिले काही महिने उघडूच नका. पास्सातो रेमोतो हा जुना भूतकाळ गोष्टींच्या पुस्तकांत भेटेल, सिसिलीकडे बोलतानाही ऐकाल, ओळखता आला की पुरे. 'ची' आणि 'ने' हे दोन चिमुकले इटालियन शब्द मात्र लवकरच अंगावर येतील, कारण ते प्रत्येक दुसऱ्या वाक्यात असतात. त्यातलं चे (आहे) आणि ची सोनो (आहेत) आत्ताच घेऊन ठेवा: चे उन प्रोब्लेमा, एक प्रॉब्लेम आहे, ची सोनो दुए प्रोब्लेमी, दोन आहेत.